चौदा मिलिमीटर

१

शुक्रवारी सकाळी मी गाळ्यावर पोचले, तर शटरसमोर एक पांढरी गाडी आडवी लावलेली आणि तिच्या बाजूला सुयोग नाईकधुरे हाताची घडी घालून उभा. शटर उघडायला जागासुद्धा ठेवली नव्हती पठ्ठ्याने.

“ताई, तुम्ही माझ्या गाडीची वाट लावलीत.”

माझं नाव संघमित्रा गजभिये. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझा व्हील अलाइनमेंटचा गाळा आहे. अमरावतीहून लग्न होऊन इकडे आले आणि गेली बावीस वर्षं लोकांच्या गाड्यांची चाकं सरळ करतेय. माझ्या तोंडावर असं कुणी बोललेलं नव्हतं. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, “आधी गाडी बाजूला घे. मग सावकाश ओरड.”

सुयोग तसा गोड मुलगा. सत्तावीस वर्षांचा, सव्वासहा फूट उंच, आणि गाडीवर जीव. दोन आठवड्यांपूर्वी शेजारच्या गाळ्यातल्या प्रीतमकडून त्याने गाडी खाली बसवून घेतली होती. म्हणजे जुने शॉकअप काढून उंची कमीजास्त करता येणारे नवे घातले आणि गाडी जमिनीलगत आणली. गाडी खाली बसवली की चाकांचे सगळे कोन बदलतात, म्हणून प्रीतमने ती लगेच माझ्याकडे पाठवली. मी ती जीव ओतून सेट केली होती. दुसऱ्या दिवशी सुयोग ऑफिसच्या कामाला बंगळुरूला गेला. तो शनिवारी यायचा होता, पण काम लवकर संपलं आणि बुधवारी रात्रीच परतला.

“काल सकाळी कव्हर काढलं,” तो सांगू लागला, “आणि बघतो तर पुढचे दोन्ही टायर खाल्लेले! नवे टायर, ताई! रविवारी बोरिवलीला खाली बसवलेल्या गाड्यांचा मेळावा आहे. सहा महिने मी त्याच्यासाठी थांबलोय. ग्रुपवर फोटो टाकले तर ग्रुपमधल्या त्या विकीने लगेच लिहिलं, अलाइनमेंट चुकली असणार.”

त्या ग्रुपवर सहाशे गाडीवेडे होते. मी मोबाइल पाहिला. शनिवारची तिन्ही गिऱ्हाइकं ‘ताई, नंतर बघू’ असं कळवून मोकळी झाली होती.

“रविवारपर्यंत वेळ दे,” मी म्हटलं. “चूक माझी असेल तर सहाशे जणांसमोर मी स्वतः माफी मागेन.”

“आणि नसेल तर?”

मी खाली वाकून टायरवरून हात फिरवत होते, आणि माझ्या बोटांना काहीतरी भलतंच लागत होतं.

२

“सुयोग, इकडे ये. तुझा हात दे.”

मी त्याची बोटं टायरच्या आतल्या कडेवर ठेवली. गुळगुळीत, नव्यासारखं रबर. मग बाहेरच्या कडेवर. तिथे करवतीसारखे बारीक दाते उठले होते.

“मी तुझ्या चाकांना कॅम्बर दिला होता,” मी म्हटलं. “समोरून बघितलंस तर चाकांची डोकी जराशी आत झुकलेली, पाय फाकवून उभ्या राहिलेल्या पैलवानासारखी. त्याने टायर झिजलाच तर कुठून झिजेल?”

“आतून,” तो म्हणाला.

“हे टायर बाहेरून घासलेत. दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांकडे वळली की असं होतं. मी ती सरळ ठेवली होती. कागद आहे माझ्याकडे.”

गाडी मशीनवर चढवली. जुना कागद आणि नवा कागद शेजारी ठेवले. कॅम्बर होता उणे एक पूर्णांक आठ, आता उणे एक पूर्णांक एक. डावीकडे तेवढाच, उजवीकडेही तेवढाच. चाकांची तोंडं भरपूर आत. गाडी खड्ड्यात आपटली असती तर एकच चाक बिघडलं असतं. बोल्ट सैल झाला असता तरी दोन्हीकडे एकसारखा होत नाही. दोन्ही बाजू बरोबर सारख्या बदलायला एकच गोष्ट लागते. मी चाक आणि मडगार्डच्या फटीत बोटं घातली. दोन आठवड्यांपूर्वी तिथे एक बोट जेमतेम जात होतं. आता दोन आरामात गेली.

सुयोगचा चेहरा उतरला. टायरच्या रागात त्याने उंचीकडे पाहिलंच नव्हतं.

“कुणीतरी गाडी उचललीय!” तो ओरडला. “विकीच! मेळाव्यात माझी गाडी सगळ्यांत खाली बसली तर त्याची दुसरी येते ना!”

“थांब जरा. किल्ल्या किती?”

“दोन. एक माझ्याबरोबर बंगळुरूला, दुसरी घरी टीव्हीमागच्या खिळ्याला.”

“आणि गाडी बारा दिवस कव्हरखाली उभी होती?”

“हो तर!”

मी मीटर दाखवला. माझ्या कागदावर एक्केचाळीस हजार दोनशे बारा किलोमीटर लिहिलेले होते. मीटर एक्केचाळीस हजार पाचशे दाखवत होता. सुयोग मटकन टायरच्या ढिगावर बसला.

“तरीच,” तो पुटपुटला. “काल आत बसलो तर गुडघे स्टिअरिंगला आपटले. सीट पार पुढे. मला वाटलं, मीच धुताना ओढली असेल.”

बारा दिवसांत दोनशे अठ्ठ्याऐंशी किलोमीटर. रोजचे चोवीस. मेळावा बिघडवायला आलेला माणूस रोज फिरायला जात नाही.

३

सुयोगला रिक्षात बसवून दिलं आणि मी गाडी लिफ्टवर घेतली. चाकांच्या आतल्या बाजूला खाडीकडची राखाडी माती वाळली होती. डावा टायर उजव्यापेक्षा जास्त घासला होता. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो, म्हणजे गाडी सारखी उजवीकडेच वळत होती. मागच्या काचेवर खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढा चिकट डाग होता. आणि सगळ्यांत गमतीची गोष्ट स्प्रिंगखाली सापडली.

या नव्या शॉकअपच्या नळीला आटे असतात. आट्यांवरची रिंग फिरवली की गाडी वरखाली होते. काम झालं की प्रीतम रिंगवरून नळीवर पिवळ्या पेंटची एक रेघ ओढतो, म्हणजे कुणी हात लावला तर कळावं. नळीवरची रेघ रिंगच्या खाली राहिली होती. मी आटे मोजले. सात. दुसऱ्या चाकाला सात. मागे सात आणि सात. एक आटा म्हणजे दोन मिलिमीटर. चौदा मिलिमीटर, चारही बाजूंना, आणि रिंगवरची रेघ नळीवरच्या रेघेच्या बरोबर वर.

खोडी काढणारा फेरे मोजत बसत नाही. मोजतो तो, ज्याला सगळं पुन्हा होतं तसं करून ठेवायचं असतं.

मी शेजारच्या गाळ्यात गेले. प्रीतम स्टुलावर बसून एक स्वच्छ पाना पुन्हा पुसत होता.

“प्रीतम, सुयोगच्या गाडीला हात लावलास?”

“मी? नाही हो ताई.” तो छताच्या पंख्याकडे बघत म्हणाला.

“पंख्याला विचारत नाहीये.”

“ताई, माझ्या मुलाची शप्पथ, मी काही वाईट केलेलं नाही. याच्यापुढे विचारू नका. मी शब्द दिलाय.”

कुणाला, ते काही त्याने सांगितलं नाही. मी पण ताणलं नाही. मी सरळ सेक्टर आठमध्ये सुयोगच्या घरी गेले.

दार त्याच्या वडिलांनी उघडलं. चंद्रप्रकाश नाईकधुरे, बत्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले, मुलासारखेच ताडमाड. महिन्यापूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून काळा चष्मा.

“गाडी आहे की जेवायला बसायचा पाट?” ते सुरू झाले. “गेटच्या स्पीडब्रेकरवरून नेताना खरवडते. सुयोग तिरकी घालून एकेक चाक काढतो, म्हणून जाते तरी. मी तर बोटसुद्धा लावत नाही. डॉक्टरांनी दीड महिना चालवू नका म्हणून सांगितलंय.”

“सकाळी घरी असता?”

“सात ते नऊ ज्येष्ठ नागरिक संघात. कॅरम.”

स्वयंपाकघरातून सुयोगची आई, वनमालावहिनी, चहा घेऊन आल्या. जेमतेम पाच फूट उंची, हसरा चेहरा, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट.

“बस गो. च्या घे. गाडीचा काय कळला काय?”

“कळतंय हळूहळू. वहिनी, सकाळी तुम्ही घरी असता?”

“मी? मी भजनाच्या प्रॅक्टिसाक जातंय,” त्या म्हणाल्या आणि बिस्किटांचा डबा आणायला वळल्या.

बावीस वर्षं मी झीज बघतेय. गाडीची असो नाहीतर बुटाची, नजर आपोआप जाते. डावा बूट कोरा होता. उजव्याची टाच मागच्या कडेला काळी झाली होती, तीसुद्धा बोटभर जागेत.

भजनाला पेटी लागते, टाळ लागतात. उजवी टाच लागत नाही.

४

आता विकी राहिला होता. इस्टेटच्या दुसऱ्या टोकाला त्याचं गाड्यांवर रंगीत विनाईल चढवण्याचं दुकान. तो आणि सुयोग शाळेपासूनचे मित्र, एकाच ताटात जेवलेले. मागच्या वर्षी मेळाव्यात कुणाची गाडी जास्त खाली, यावरून भांडले आणि तेव्हापासून बोलणं बंद. विकीही उंच, दारातून वाकून आत येणारा.

“ये ये ताई,” तो म्हणाला, पण नजर चुकवत होता. टेबलावर लाल विनाईलचे तुकडे पडले होते.

“ग्रुपवर माझं नाव छान काढलंस.”

“ताई, ते... घाईत लिहिलं मी. डिलीट करतो.”

“राहू दे. मी वेगळंच विचारायला आलेय. तू जाणकार आहेस. सुयोगच्या गाडीचा कॅम्बर दोन्हीकडे सारखा कमी झालाय. कशामुळे झाला असेल, तुला काय वाटतं?”

“त्यात काय वाटायचंय?” विषय गाडीचा निघाल्यावर तो खुलला. “चौदा मिलिमीटर वर गेल्यावर कॅम्बर बदलणारच ना! तोंडंही आत जाणार. प्रत्येक वेळी उंची बदलली की अलाइनमेंट—”

तो थांबला. गाडी वर गेल्याचं मी त्याला सांगितलंच नव्हतं. आणि चौदाचा आकडा तर सुयोगलाही ठाऊक नव्हता.

“विकी,” मी म्हटलं, “उद्या दुपारी चार वाजता माझ्या गाळ्यावर ये. आणि येताना त्या लाल विनाईलचा तुकडा घेऊन ये.”

त्याचे कान विनाईलपेक्षा लाल झाले.

५

शनिवारी चार वाजता सगळे हजर. सुयोग विकीकडे पाठ करून उभा. प्रीतम दाराजवळ, पळायच्या तयारीत. चंद्रप्रकाश खुर्चीत. वनमालावहिनी पदराने हात पुसत होत्या, हात कोरडे असताना.

“सांगून टाका ताई,” सुयोग म्हणाला. “विकीच ना?”

“विकी होता,” मी म्हटलं. सुयोग वळला, तेवढ्यात मी पुढे म्हटलं, “पण तो बाजूच्या सीटवर होता.”

मी गाडीच्या पुढच्या दाराशी गेले.

“सीट पार पुढे ओढलेली होती. सुयोग, तुझे बाबा, विकी, तिघंही उंच. या सीटवर तिघांपैकी एकाचाही गुडघा मावत नाही. म्हणजे चालवणारं माणूस बुटकं. किल्ली घरातल्या खिळ्यावरची, म्हणजे घरातलंच. गाडी रोज चोवीस किलोमीटर फिरायची आणि खाडीकडच्या मैदानात उजवीकडे गोल गोल फिरायची. ओळखीच्या वाटेने जाणारा माणूस गोल फिरत नाही. गोल फिरतो तो शिकणारा. आणि रोज पेडलपाशी टेकून शिकणाऱ्याच्या उजव्या बुटाची टाच काळी होते.”

चंद्रप्रकाशांनी काळा चष्मा काढला.

“शिकणाऱ्याला गेटच्या स्पीडब्रेकरवर गाडी तिरकी काढता येत नाही. पहिल्याच दिवशी बुड खरवडलं असणार. म्हणून माझा गाळा उघडायच्या आत प्रीतमकडे जाऊन गाडी वर घेतली. प्रीतमने सात फेरे मोजून घेतले, कारण सुयोग यायच्या आधी तेवढेच उलटे फिरवून ठेवायचे होते. चाकं सरळ करायला मात्र माझ्याकडे आणता आली नाही, आणली असती तर मी सुयोगला फोन केला असता. चाकं तशीच वाकडी राहिली आणि टायर घासले. सगळं शुक्रवारी जागेवर जाणार होतं. सुयोग बुधवारीच टपकला.”

मी विकीच्या हातातला लाल तुकडा घेतला आणि मागच्या काचेवरच्या चिकट डागावर धरला. उन्हात डागाचा आकार दिसत होता. उभी रेघ, खाली आडवी रेघ. एल. नव्या ड्रायव्हरच्या गाडीवर लावतात तो.

“आई?” सुयोगच्या तोंडून एवढंच आलं.

वनमालावहिनींनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा मुलाकडे. मग पदर सोडला आणि सरळ उभ्या राहिल्या.

“होय. मीच.”

“पण कित्याक?” चंद्रप्रकाश म्हणाले. घरातली भाषा एकदम बाहेर आली.

“तुमचा ऑपरेशन झाला त्या दिवशी,” त्या म्हणाल्या, “डोळ्याक पट्टी लावून तुमी उन्हात उभे होतात. पाऊण तास रिक्षा नाय गावली. झिलाची, ह्या सुयोगची, गाडी खाली कव्हर पांघरून झोपलेली. बत्तीस वर्षां ड्रायव्हराची बायको मी, आणि माका गाडी सुरू करूक येवची नाय! माका माझीच लाज वाटली. शिकाऊ लायसन काढलंय आणि तांदळाच्या डब्यात ठेवलंय.”

“मला सांगायचंस ना,” चंद्रप्रकाश म्हणाले.

“लग्न झाल्यावर एकदा शिकवूक घेतलेलात. पाच मिनटांत इतके ओरडलात की मी मधेच उतरून चलत घरी गेलंय. इसरलात?”

चंद्रप्रकाश विसरले नव्हते. त्यांच्या लाल झालेल्या कानशिलांवरून ते दिसत होतं.

विकी पुढे आला. “काकी मला म्हणाल्या, तू नाय ओरडणार माझ्यावर. मला नाही म्हणता आलं नाही, सुयोग. लहानपणी आई कामाला जायची तेव्हा मी तुमच्याकडेच जेवायचो. ग्रुपवर फोटो आले तेव्हा माझी तंतरली. मी तिसऱ्याच्या नावावर खपवलं. ताई, सॉरी. खरंच सॉरी.”

सुयोग त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता मारतो.

“शिकली का आई नीट?” त्याने विचारलं.

“रिव्हर्स तुझ्यापेक्षा चांगला घेतात,” विकी म्हणाला.

सुयोगला आधी हसू आवरेना, मग त्याने विकीच्या पाठीत असा धपाटा घातला की प्रीतमच्या हातातला पाना पडला. वर्षभराचा अबोला त्या आवाजात संपला. प्रीतम म्हणाला, “मला आता श्वास घेऊ द्या,” आणि चहा सांगायला पळाला.

चहा होईपर्यंत सुयोग गाडीभोवती दोन चकरा मारून आला. प्रीतमने पाना उचलला. “सात फेरे खाली? तासाभराचं काम आहे. उद्याच्या मेळाव्याला आरामात.”

सुयोगने आईकडे पाहिलं. ती उघड्या दारातून वाकून स्टिअरिंगच्या कव्हरवरची धूळ झटकत होती, स्वतःच्या वस्तूची झटकावी तशी.

“नको,” तो म्हणाला. “ताई, आहे त्याच उंचीवर चाकं सरळ करा.”

मी केली. नव्या उंचीला नवे कोन, कॅम्बर दोन्हीकडे बरोबर उणे एक, तोंडं सरळ, टायर डावेउजवे बदलून. विकीने कॅमेरा धरला आणि सहाशे जणांच्या ग्रुपवर माझ्या मशीनचा आकडा न् आकडा दाखवला. शेवटी स्वतःकडे कॅमेरा वळवून म्हणाला, “चूक ताईंची नव्हती, माझी होती.” तिन्ही गिऱ्हाइकांचे फोन चहा संपायच्या आत आले. मी त्यांना सोमवारी बोलावलं. रविवारी मला सुट्टी घ्यायची होती.

६

रविवारी बोरिवलीच्या मैदानावर साठेक गाड्या जमिनीला चिकटून उभ्या होत्या. निळ्या, जांभळ्या, एक तर आरशासारखी चकचकीत. गेटवरचा माणूस शिट्टी वाजवत होता, आणि त्याच्यासमोर आमची पांढरी गाडी आली. काचेवर मोठा लाल एल. विकीने तो मुद्दाम हातभर लांबीचा कापला होता. स्टिअरिंगवर वनमालावहिनी, पाठीशी उशी. बाजूला चंद्रप्रकाश, कारण शिकाऊ माणसाशेजारी लायसनवाला माणूस लागतोच. विकी आणि सुयोग मोटारसायकलवर मागे. मी मागच्या सीटवर.

चारकोप ते बोरिवली चंद्रप्रकाश एक अक्षर बोलले नव्हते. पण प्रत्येक सिग्नलला त्यांचा उजवा पाय खालचा पत्रा दाबत होता. तिथे ब्रेक नव्हता. मी मोजलं नाही, पण घाम आला होता बिचाऱ्यांना.

मैदानात दोन गाड्यांच्या मधे जेमतेम एक जागा उरली होती. वहिनींनी आरसा पाहिला, मान वळवली, मागे घेतलं, एकदाच स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी सरळ रेषेत आत. दोन्ही बाजूंना सारखी जागा. क्षणभर शिट्टीवाला शिट्टी वाजवायचा विसरला. मग कुणीतरी हॉर्न वाजवला. दुसऱ्याने वाजवला. साठ गाड्यांचे हॉर्न लागले आणि वहिनी पदर खोचून अशा उतरल्या, जणू भाजी आणायला आल्या होत्या.

सगळ्यांत खाली बसलेल्या गाडीचं बक्षीस जांभळीला मिळालं. सुयोगने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. त्याच्याभोवती गर्दी होती ती वेगळ्याच कारणाने. पोरं विचारत होती, “काकी, आमच्या आईला शिकवाल?”

संध्याकाळी परत निघालो. रस्त्यावर गर्दी होती, पण गाडी स्टिअरिंग सोडलं तरी डावीउजवीकडे जाणार नाही इतकी सरळ धावत होती. ते मला बुडाखालून कळत होतं आणि मी मनातल्या मनात खूश होते. महावीरनगरच्या सिग्नलला गाडी थांबली. चंद्रप्रकाशांचा पाय हलला नाही.

मी पुढे वाकून पाहिलं. मान काचेला टेकलेली, तोंड किंचित उघडं, श्वास संथ.

वहिनींनी आरशातून मला पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते आणि हसत होते.

“बघ गो,” त्या हळूच म्हणाल्या. “आमच्या गावच्या रातराणीत सगळी बस झोपता, ह्यो एकटो जागो. दुसऱ्याच्या गाडीत ह्या माणसान आयुष्यात डोळो मिटूक नाय.”

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न द्यायला सुरुवात केली. वहिनींनी घाई केली नाही. पहिला गिअर टाकला, क्लच सावकाश सोडला, आणि झोपलेल्या माणसाचं डोकं काचेवरून तसूभरही न हलवता गाडी पुढे नेली.